कोंडीचा अपराध कोणाचा?

अपराध म्हटला कीं अपराधी असावयाचाच, हें आपल्या नीतिविचाराचें पहिलें गृहीत आहे. चोरी झाली तर चोर असतो, खून झाला तर खुनी असतो. आणि नुकसान होऊनहि करणारा सांपडत नसेल, तर आपण त्याला दैव म्हणतों. नुकसानीचे हे दोन कप्पे, एक माणसाच्या हातचा आणि दुसरा दैवाच्या हातचा, आपणांस पिढ्यान्‌पिढ्या पुरले. परंतु आजच्या नगरजीवनांत एक नुकसान रोज असें घडत आहे कीं, जें यांपैकीं कोणत्याच कप्प्यांत बसत नाहीं. तें माणसांच्याच हातून घडतें; पण त्यांतील एकाकडेहि बोट दाखवून, 'याच्यामुळें हें झालें' असें म्हणतां येत नाहीं. शहराच्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ होणारी वाहनांची कोंडी हें तें नुकसान होय.

कोंडी ही फार तर गैरसोय आहे, तिच्यांत नीतीचा प्रश्न तो कोणता, असें एखादा वाचक विचारील. पण वेळ हा आयुष्याचाच तुकडा आहे, आणि कोंडींत तो ज्याचा जातो त्याच्या संमतीवांचून जातो. कचेरींतून सुटलेली आई घरीं पोंचेपर्यंत मूल झोपीं गेलेलें असतें. रोजंदारीवरचा माणूस उशिरां आला म्हणून त्याचा खाडा मांडला जातो. रुग्णवाहिकेचा भोंगा मागें वाजत राहतो, आणि पुढच्यानें बाजूला व्हावें म्हटलें तरी बाजूला होण्यास जागाच नसते. ज्या वागण्यानें दुसऱ्यांच्या आयुष्यांतील तास हिरावले जातात, तें वागणें नीतीच्या कक्षेबाहेर ठेवतां येणार नाहीं.

मग अपराधी कोण? रस्त्यावर अडकलेला मनुष्य या प्रश्नाचें उत्तर फार जलद देतो. पोलिस शिट्टी फुंकण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं, महापालिकेनें रस्ता पुन्हां खणून ठेवला आहे, रिक्षावाल्यानें मध्येंच रिक्षा उभी केली आहे, कोणी शहाणा उलट्या दिशेनें घुसला आहे! या तक्रारी बहुधा खऱ्याच असतात, आणि त्या दूर होणें अगत्याचें आहे. चौकाच्या तोंडाशीं उभी केलेली एक मोटार सगळ्या रस्त्याची रुंदी अर्ध्यावर आणते, हें कोणीहि पाहिलेलें आहे. तथापि सर्व खड्डे बुजले, सर्व पोलिस दक्ष झाले आणि एकूण एक मनुष्य नियमानें वागूं लागला, अशी घटकाभर कल्पना करावी. तरीहि कोंडी राहील. लंडन, स्टॉकहोम, सिंगापूर या शहरांतील रस्ते चांगले आणि लोक नियमांस सरावलेले. पण कोंडी तेथेंहि झालीच. नियमभंग हें कोंडीचें एक कारण आहे, तिचें मूळ नव्हे. तिचें मूळ संख्येंत आहे.

ही संख्या कशी काम करते हें नीट पाहिल्याशिवाय पुढील विचार होणार नाहीं. मोकळ्या रस्त्यावर दहा गाड्यांत अकरावी येऊन मिळाली तर कोणास पत्ताहि लागत नाहीं. पण रस्ता आपल्या सामर्थ्याच्या मर्यादेजवळ आला म्हणजे प्रत्येक नवी गाडी मागून येणाऱ्या सर्वांस थोडें थोडें मंद करूं लागते. मर्यादा ओलांडली म्हणजे तर उभ्या गाड्यांनीं चौक अडतो, चौक अडल्यानें आडवे रस्ते अडतात, आणि एरव्हीं तासाभरांत जितकीं वाहनें पार होत तितकींहि होईनाशीं होतात. समजा, एका मोटारीच्या भरीनें मागील १,००० वाहनांस प्रत्येकीं एकच सेकंद उशीर झाला. एक सेकंद म्हणजे कांहींच नव्हे. ज्याचा गेला त्याला तो जाणवणारहि नाहीं. पण बेरीज केली तर १,००० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून अधिक वेळ, त्या एका मोटारीनें इतरांकडून घेतलेला असतो. मोटार हांकणाऱ्यास स्वतःचा खोळंबा दिसतो. त्यानें दुसऱ्यांवर लादलेला खोळंबा त्याला दिसत नाहीं. तो स्वतःला कोंडींत सांपडलेला समजतो. वस्तुतः कोंडी ज्यांची बनलेली असते त्यांतील तो एक असतो.

इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यानें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथांत नैतिक हिशेबांत होणाऱ्या ज्या चुका दाखविल्या आहेत, त्यांतील एक नेमकी या प्रकारची आहे. कृत्याचा परिणाम एकेका माणसापुरता जाणवूं नये इतका सूक्ष्म असला कीं आपण तें कृत्य निर्दोष ठरवितों. पण सूक्ष्म अपायांची रास मोठी होते, आणि ती रास रचणाऱ्यांत आपलाहि हात असतो. कणाकणानें जमलेल्या ढिगाऱ्याखालीं मनुष्य गुदमरला तर प्रत्येक कण टाकणाऱ्यानें 'माझा तर एकच कण' म्हणून हात झटकावे, हा न्याय नव्हे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत रस्त्याच्या नीतीचा विचारच नाहीं असें नाहीं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत वाट कोणास द्यावी याची यादी आहे. वाहनांत बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर, अशी ती यादी. त्यांतील राजा व स्नातक यांचा मान आज कोणी मागणार नाहीं, आणि वाहनास पहिला मान देण्याची गोष्ट तर पायीं चालणाऱ्यांस आज सलेल. परंतु वृद्ध, रोगी आणि भारवाही यांस वाट देण्यांतील माणुसकी अजूनहि पटण्यासारखी आहे. येथें ध्यानांत घेण्याची गोष्ट निराळीच आहे. या नीतींत वाट देणारा आणि वाट घेणारा हे समोरासमोर येतात. समोरच्याच्या डोक्यावरील ओझें दिसतें, त्याचें वय दिसतें, आणि मनांत आलें तर दोन पावलें बाजूला होऊन त्याचें ऋण फेडतां येतें. कोंडींत आपण ज्यांची वाट अडवितों ते आपल्या मागें असतात. त्यांचीं तोंडें आपण पाहत नाहीं, त्यांचीं ओझीं आपणांस ठाऊक नसतात, आणि बाजूला होऊन कोणा एकाचें भलें करण्याची सोयहि उरत नाहीं. आपली सदसद्विवेकबुद्धि समोर दिसणाऱ्या माणसासाठीं घडली आहे. पाठीमागच्या हजारांसाठीं ती अजून घडावयाची आहे.

अर्थशास्त्रज्ञांनीं या गोष्टीचा उलगडा बराच पूर्वी केला होता. केंब्रिजचे अध्यापक पिगू यांनीं १९२० सालच्या आपल्या 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथांत दोन रस्त्यांचें एक उदाहरण दिलें, आणि १९२४ सालीं अमेरिकेंतील फ्रँक नाइट यांनीं तें अधिक स्पष्ट केलें. एकाच मुक्कामास जाणारे दोन रस्ते आहेत. एक ओबडधोबड, पण कितीहि गाड्या सामावतील इतका रुंद. दुसरा गुळगुळीत, पण अरुंद. जो तो चांगला रस्ता धरतो. गर्दी वाढत जाते, आणि अखेर चांगल्या रस्त्यानें जावयासहि वाईट रस्त्याइतकाच वेळ लागूं लागतो. म्हणजे रस्ता चांगला असण्याचा सारा लाभ गर्दीनें गिळून टाकला. आतां गंमत अशी कीं, चांगल्या रस्त्यावरच्या थोड्या गाड्या वाईट रस्त्यावर वळविल्या तर वळलेल्यांचें कांहींच बिघडत नाहीं, कारण वेळ दोहोंकडे सारखाच आहे. आणि राहिलेल्यांचा मात्र प्रवास सुखाचा होतो. कोणाचेंहि नुकसान न होतां अनेकांचें कल्याण! तरीहि तें आपोआप घडत नाहीं, कारण वळण्यांत वळणाऱ्याचा स्वतःचा फायदा नसतो. पिगूंचा कल चांगल्या रस्त्यावर कर बसविण्याकडे होता. नाइट यांचें म्हणणें असें कीं, रस्त्याला धनी असता तर त्यानें स्वतःच तेवढें मोल मागितलें असतें. दोघांचा वाद उपायाबद्दल होता. फुकट दिसणारा रस्ता फुकट नसतो, याबद्दल नव्हता.

'मग रस्तेच वाढवा,' हें उत्तर सर्वांस सुचतें, कारण त्यांत कोणास कांहीं सोडावें लागत नाहीं. पण जर्मन गणिती डिट्रिख ब्रेस यांनीं १९६८ सालीं दाखवून दिलें कीं, रस्त्यांच्या जाळ्यांत एक नवा दुवा घातल्यानें कांहीं प्रसंगीं प्रत्येकाचाच प्रवास लांबूं शकतो. जो तो आपल्यापुरता जवळचा मार्ग निवडतो, आणि त्या निवडींची बेरीज सर्वांस बाधते. हें नेहमींच घडतें असें नव्हे. पण दुसरी एक गोष्ट पुष्कळदां घडते. नव्या रस्त्यानें प्रवास सोपा झाला म्हणजे आजवर घरीं राहणारे, आगगाडीनें जाणारे किंवा गर्दीची वेळ टाळणारे लोक मोटार काढूं लागतात आणि रस्ता पुन्हां भरतो. मुंबईंत गेल्या शतकाच्या अखेरीस उड्डाणपुलांची मालिका उभी राहिली, २००९ सालीं वांद्रे-वरळी सागरी सेतु खुला झाला, २०२४ सालीं सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग सुरू झाला. त्या त्या ठिकाणीं त्यांचा उपयोग झाला हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु मुंबईची कोंडी मिटली असें म्हणणारा मुंबईकर शोधूनहि सांपडणार नाहीं.

येथवर आलें म्हणजे सज्जन मनुष्य आपल्या मनाशीं म्हणतो, 'तर मग मीच मोटार घरीं ठेवतों.' कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याची कसोटी अशी कीं, आपण ज्या सूत्रानें वागतों तें सर्वांनीं पाळावें अशी इच्छा आपणांस सुसंगतपणें करतां यावी. गर्दीच्या वेळीं एकट्यानें एक मोटार अडविण्याचें सूत्र या कसोटीस उतरत नाहीं, तेव्हां सज्जनाचा निश्चय योग्यच होय. पण त्याचें फळ काय? त्यानें मोकळी केलेली जागा क्षणभरहि मोकळी राहत नाहीं. आजवर कोंडीला भिऊन थांबलेला दुसरा कोणीतरी ती घेतो. सज्जन बसच्या रांगेंत उभा राहतो, आणि ज्या कोंडींतून तो बाहेर पडला तीच कोंडी आतां त्याच्या बसला अडविते. त्याच्या त्यागाचें फळ ज्याला त्यागाची पर्वा नाहीं त्याच्या पदरीं पडतें. अशा सद्गुणाचें कौतुक करावें. परंतु शहराची व्यवस्था त्याच्यावर उभी राहत नाहीं, आणि तशी ती उभी करावी असें म्हणणें सज्जनांवर अन्यायाचें आहे.

म्हणून कित्येकजण उलट टोंकास जातात. 'माझ्या एकट्याच्या थांबण्यानें कांहीं होत नाहीं, तर माझें कांहीं कर्तव्यच नाहीं,' असें ते म्हणतात. या विचारांतील चूक अशी कीं, कर्तव्याचा एक प्रकार निष्फळ ठरला म्हणून कर्तव्यच संपलें असें ते समजतात. कर्तव्य संपत नाहीं. तें जागा बदलतें. जें नुकसान आपण सर्व मिळून करतों तें टाळण्याचें कर्तव्यहि सर्व मिळून करण्याचें असतें, आणि त्यांतील माझा वाटा हा कीं, सर्वांस बांधणारा असा एखादा न्याय्य नियम पुढें आला तर मीं त्याला संमति द्यावी, तो मला बोंचत असला तरी द्यावी, आणि त्यांतून स्वतःपुरती पळवाट मागूं नये. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत आलेल्या 'लोकसंग्रह' या शब्दाचें टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त विस्तृत विवेचन केलें आहे. लोकांची घडी नीट राहावी म्हणून कर्म करणें हा त्या शब्दाचा गाभा घेतला, तर रस्त्यावरचा लोकसंग्रह एकट्यानें पायीं चालण्यांत नाहीं. तो सर्वांबरोबर नियमाखालीं येण्यांत आहे. आमच्या मतें कोंडीच्या सर्व नीतीचें सार हेंच आहे.

पण नियम कोणता? मागणी अधिक आणि जागा थोडी अशी स्थिति आली म्हणजे वांटणीच्या तीन रीती संभवतात: रांग, पाळी आणि मोल. रांग म्हणजेच आजची कोंडी. जो जितका ताटकळेल त्याला तितकी जागा. पाळीची रीत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं ४५ च्या सुमारास जूलियस सीझरच्या काळच्या कायद्यानें रोम शहरांत दिवसाच्या बहुतेक भागांत मालाच्या गाड्यांस बंदी केली. मंदिरांच्या बांधकामासारख्या कांहीं कामांस तेवढी सूट होती. दिवसाचे रस्ते मोकळे झाले. पण गाड्या रात्रीं खडखडूं लागल्या, आणि रोमांत झोंप मिळत नाहीं अशी तक्रार पुढें ज्यूव्हेनल या कवीनें नोंदविली. एकाची सोय दुसऱ्याच्या उशाशीं गेली! आधुनिक काळांत मेक्सिको शहरानें १९८९ सालीं, मुख्यतः हवेच्या शुद्धीसाठीं, गाडीच्या क्रमांकाच्या शेवटच्या आंकड्यावरून आठवड्यांतील एक दिवस ती बंद ठेवण्याचा नियम केला. कित्येक कुटुंबांनीं निराळ्या आंकड्याची दुसरी गाडी, आणि तीहि बहुधा जुनी, विकत घेऊन तो नियम निष्फळ केला. पाळींत समता दिसते. पण ज्याच्यापाशीं दोन गाड्या घेण्याची ऐपत आहे त्याला ती पाळी लागूच पडत नाहीं.

तिसरी रीत मोलाची. सिंगापूर शहरानें १९७५ च्या जून महिन्यांत शहराच्या मध्यभागाभोंवतीं एक सीमा आंखली आणि सकाळच्या गर्दीच्या वेळीं तींतून आंत शिरणाऱ्या मोटारींस दिवसाचा तीन डॉलरचा परवाना लावला. त्या वेळांतील वाहनांची संख्या चाळीस टक्क्यांहून अधिक उतरली. या योजनेंतील एक कलम नैतिक दृष्ट्या मोठें मार्मिक होतें. ज्या मोटारींत चारजण किंवा अधिक असतील तिला आरंभीं परवाना लागत नसे. म्हणजे राज्यानें मोल मागितलें तें माणसाच्या येण्याचें नव्हे, तर त्याच्याबरोबर येणाऱ्या रिकाम्या जागेचें!

आतां या रीतीवरील सर्वांत गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. रस्ता ही सर्वांची मालमत्ता. ती पैशानें वांटली म्हणजे श्रीमंतास रस्ता आणि गरिबास मनाई असें झालें नाहीं काय? हा आक्षेप हंसून उडवून देण्यासारखा नाहीं. पैशाच्या बाजारांत अनेक गोष्टी आधींच गेलेल्या असतां, फुकट राहिलेला रस्ताहि तेथेंच न्यावा, याचें मनाला वाईट वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आक्षेप घेणारानें एक प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे: आजच्या फुकट रस्त्याचें मोल कोण भरतो? आपल्या शहरांतला गरीब मनुष्य मोटारींत बसलेला नसतो. तो बसमध्यें उभा असतो किंवा फुटपाथच्या उरल्यासुरल्या पट्टीवरून चालत असतो. पन्नास-साठ माणसांनीं भरलेली बस आणि तिच्या पुढें एकेक मनुष्य घेऊन उभ्या राहिलेल्या मोटारी हें दृश्य नित्याचें आहे. बस दोन-तीन मोटारींची जागा घेते, पण पन्नासांचा वेळ वाहते. रांगेचा कर सर्वांस सारखा दिसतो. वास्तविक ज्यानें गर्दीत जवळजवळ कांहींच भर घातली नाहीं तोच तो पुरेपूर भरतो, आणि त्या करांतून कोणाच्याहि हातीं एक पैसा लागत नाहीं. वेळ नुसता जळून जातो.

या बाबतींत दिल्लींतील एक प्रकरण स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. तेथें २००८ सालीं एका मोठ्या रस्त्यावर बससाठीं स्वतंत्र पट्टा राखण्यांत आला. मोटारवाल्यांचा खोळंबा वाढला आणि प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. मोटारींतून जाणारे लोक संपत्ति निर्माण करणारे, म्हणून त्यांचा वेळ अधिक मोलाचा, अशा आशयाचा युक्तिवादहि त्या वादांत पुढें आला. न्यायालयानें २०१२ सालीं ती याचिका फेटाळली. परंतु पुढें कांहीं वर्षांनीं तो पट्टाच उखडण्यांत आला. न्यायालयांत जो युक्तिवाद हरला तो रस्त्यावर जिंकला, असेंच म्हणावयाचें! पैशानें रस्ता वांटूं नये असें आपण म्हणतों खरें. पण श्रीमंताचा मिनिट गरिबाच्या मिनिटाहून जड, ही समजूत पैसे न आकारतांहि आपल्या रस्त्यांवर राज्य करीत असते.

दुसरा एक आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. इस्राएलांतील हैफा शहरीं कांहीं बालसंगोपन-केंद्रांत मुलांस नेण्यास पालक उशीर करीत, म्हणून उशिरास दंड ठेवून पाहण्यांत आला. या प्रयोगाचा वृत्तांत २००० सालीं प्रसिद्ध झाला. दंड बसल्यावर उशीर कमी होण्याऐवजीं वाढला. कारण आजवर ज्याची लाज वाटत होती तें आतां विकत घेतां येऊं लागलें. रस्त्याचेंहि तसेंच होईल, पैसे टाकले कीं मनाची टोंचणी संपली, असें कोणी म्हणेल. भीति रास्त आहे, पण दोहोंत एक भेद आहे. पालकांस केंद्रांतील बाई समोर दिसत होत्या, आणि ती लाज खरोखरच काम करीत होती. कोंडींत लाज मुळांतच नाहीं. मागचा मनुष्य दिसतच नाहीं, तेव्हां विकून टाकावयास टोंचणी आहे कोठें? येथें मोल लाजेची हकालपट्टी करीत नाहीं. जो अपाय आजवर कोणाच्याच हिशेबांत नव्हता तो प्रथमच हांकणाराच्या हिशेबांत येतो. शिवाय, हें मोल म्हणजे दंड नव्हे. मोटार हांकणें हा गुन्हा नाहीं. दुर्मिळ जागा वापरणें आहे.

तरीहि मोल न्याय्य व्हावयाचें तर कांहीं अटी पाळल्या पाहिजेत, आणि लंडनचा अनुभव त्या शिकवितो. तेथें १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यभागांत येणाऱ्या मोटारींस दिवसाला पांच पौंड शुल्क लागूं लागलें. त्याच सुमारास बससेवा वाढविण्यांत आली, आणि पहिलीं दहा वर्षें निव्वळ उत्पन्न वाहतुकीच्याच कामीं खर्च करण्याचें कायद्यानें बंधन होतें. म्हणजे मोटारवाल्याकडून घेतलेलें बसवाल्याकडे जावें, ही तजवीज होती. पहिल्या वर्षांत शुल्काच्या हद्दींत शिरणारी रहदारी सुमारें १८ टक्क्यांनीं घटली. कांहीं वर्षांनीं खोळंबा पुन्हां पूर्वीच्या पातळीकडे गेला हेंहि खरें. वाहनें कमीच राहिलीं होतीं. परंतु मोकळी झालेली जागा अंशतः बस व पादचारी यांस देण्यांत आली, आणि रस्त्यांची खणाखणीहि वाढली. त्यांतच एक बोधप्रद प्रकार घडला. अमेरिकेसह कित्येक परकी वकिलातींनीं, हा कर आहे आणि वकिलातींस करमाफी असते, असें सांगून शुल्क देण्याचें नाकारलें. कायद्याच्या भाषेंत त्यांचें म्हणणें काय ठरेल तें ठरो. पण सामान्य नागरिकाच्या मनावर अशा माफीचा परिणाम काय होतो, हें आपल्याकडे लाल दिव्यांच्या गाड्यांस वर्षानुवर्षें वाट देत आलेल्या वाचकांस सांगावयास नको. सर्वांचा नियम सर्वांचाच असला पाहिजे. एक प्रतिष्ठित पळवाट हजार साध्या माणसांची संमति ढिली करते.

संमति हा शब्द पुन्हां आला, तेव्हां स्टॉकहोमकडे वळलें पाहिजे, कारण ही गोष्ट तेथें सर्वांत स्पष्ट दिसली. बेटांवर वसलेल्या त्या शहराच्या मध्यभागीं शिरण्याचे रस्ते मोजके. जानेवारी २००६ च्या आरंभापासून जुलैअखेर, सुमारें सात महिने, त्या वाटांवर शुल्क घेण्याचा प्रयोग झाला. जादा बसगाड्या त्यापूर्वींच, २००५ च्या ऑगस्टांत, सुरू केल्या होत्या. प्रयोगापूर्वीं लोकमत बव्हंशीं विरुद्ध होतें. शुल्क सुरू झालें आणि सीमा ओलांडणारी रहदारी जवळजवळ पांचव्या हिश्श्यानें घटली. मुदत संपतांच ती बरीचशी परत वाढली. मोकळा रस्ता कसा असतो आणि तो गेल्यावर काय होतें, हें दोन्ही लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यानंतर सप्टेंबरांत मतदान झालें. शहरानें थोड्या बहुमतानें शुल्क मान्य केलें, आणि ऑगस्ट २००७ पासून तें कायम झालें. पुढें लोकांचा पाठिंबा वाढतच गेला.

ही हकीकत निव्वळ यशाची म्हणून सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आसपासच्या अनेक पालिकांनींहि मतदान घेतलें होतें, आणि त्यांचा एकंदर कौल विरुद्ध पडला होता. शुल्क भरणाऱ्यांत त्यांचेहि लोक होते. नियम सर्वांच्या संमतीचा असावा हें म्हणणें सोपें. पण हे 'सर्व' कोण, रस्त्याकांठीं राहणारे कीं रस्त्यानें येणारे, हा प्रश्न तेथेंहि पुरता सुटला नाहीं. जीं शहरें मोठीं होत होत शेजारच्या गांवांच्या लोकांवर जगूं लागलीं आहेत, त्या सर्वांस तो आज ना उद्यां पडणारच. तथापि एक धडा निर्विवाद आहे. न पाहिलेल्या व्यवस्थेस लोकांनीं केवळ युक्तिवादानें संमति द्यावी ही अपेक्षा फोल आहे. आधीं पर्याय द्यावा, मग नियम कांहीं काळ अनुभवूं द्यावा, आणि मग विचारावें.

हा क्रम सुटला म्हणजे काय होतें तें पुण्यानें पाहिलें आहे. तेथें २००६ सालीं कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठीं वेगळा पट्टा आंखण्यांत आला. अशा प्रकारचा देशांतील तो आरंभींचा प्रयत्न होता. परंतु आंखलेल्या रेघेच्या पाठीशीं लोकांची खात्री उभी नव्हती. पट्टा सलग नव्हता, खासगी वाहनें त्यांत शिरत राहिलीं, आणि जो तो शिरतो म्हणून न शिरणारा वेडा ठरूं लागला. रस्त्यावर रंगानें काढलेली रेघ मनांत उमटलेली नसेल तर ती पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकते. शुल्क असो, पट्टा असो, कीं पाळी असो, साधन कोणतेंहि निवडलें तरी त्याचा पाया एकच: दिसत नसलेल्या माणसाचा वेळ हा आपल्या वेळाइतकाच खरा आहे, एवढी समजूत.

मग कोंडीचा अपराध कोणाचा? एकेकट्याचा म्हणून कोणाचाच नाहीं, हें आरंभींच मान्य केलें. एकट्यानें केलेला तो अपराधच नव्हे, म्हणून एकट्याच्या पश्चात्तापानें तो फिटतहि नाहीं. परंतु उपाय पुढें आला असतां, तो चालला असतां, केवळ आपल्याला चार पैसे पडतील किंवा चार पावलें चालावें लागेल म्हणून जो त्याला आडवा येतो, त्याच्यापाशीं मात्र निरपराधीपणाचा दावा उरत नाहीं. तोंवर आपण गर्दीचा भाग असतों. तेथून पुढें आपण गर्दीचे रक्षक होतों. पुढच्या वेळीं बससाठीं पट्टा, वाहन उभें करण्याचें शुल्क किंवा गर्दीच्या वेळेचा कर असा एखादा प्रस्ताव आपल्या शहरांत येईल, तेव्हां प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत पहिला प्रश्न 'यांत आपलें काय जाईल?' हा निघेल, आणि निघावाहि. तो खोटा प्रश्न नव्हे. त्याच बैठकींत दुसराहि प्रश्न निघाला पाहिजे: आजवर जें जात आहे तें कोणाचें जात आहे?